निरोगी दाढा

जुनी इंदूर,
९ नोव्हेंबर १९९५

अनू,

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू न जेवता नागपूरची बस धरलीस. आईनं बांधलेला डबा ओट्यावर तसाच राहिला. संध्याकाळी मीच तो खाल्ला. अन्नावर राग काढायची रीत आपल्या घरात नाही.

तू जे केलंस त्याबद्दल मी पंधरा दिवस काही बोललो नाही. आज लिहितो. दौलतराव घरी फराळाला आलेले. माजी नगरसेवक माणूस, मिल एरियात त्यांचा शब्द चालतो, आणि तुझ्या थीसिससाठी स्वतःची व्यायामशाळा त्यांनी दातांच्या शिबिराला दिली होती. त्यांच्या देखत तू शिबिरातल्या दाढांची बरणी आणलीस, त्यातली दाढ चिमट्यानं काढलीस आणि चकलीच्या ताटलीत माझ्यासमोर ठेवलीस. 'बाबा, ही दाढ का काढली?'

मी म्हटलं, 'दुखत होती.'

'कुठे दुखत होती? कीड दाखवा. हालत होती म्हणाल तर मुळं बघा. दाढेला हाडात धरून ठेवणारे लाल तंतू अजून चिकटलेत.'

दौलतराव अर्धी करंजी तशीच टाकून उठले. एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान झाला आणि तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिनं तुला एका शब्दानं अडवलं नाही.

आता सरळ बोलू. या दाढा मागितल्या कुणी? जूनमध्ये तूच लिहिलंस की बाबा, वरच्या पहिल्या दाढा पाहिजेत, दोनशेच्या आसपास, मुकुट शाबूत, मुळं न मोडलेली, कुणी आधी नस न काढलेली. नागपूरला मिळतात त्या निम्म्या फुटक्या. ते पत्र मी क्लबात वाचून दाखवलं होतं. वरच्या दाढेला तीन मुळं, तीन नळ्या, हे आम्ही शिकलो आणि त्याच्यावर तीस वर्षं प्रॅक्टिस केली. तू लिहिलंस की गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याच जणांना चौथी नळी असते, केसासारखी. डॉक्टरला ती सापडत नाही, राहून जाते, आणि नस काढूनही पेशंट ठणकत राहतो. आमच्या माळव्यात ती किती जणांना असते हे तू बघणार होतीस. दाढेत शाई सोडायची, ॲसिडात ती मऊ करायची, तेलात बुडवली की काचेसारखी आरपार, आणि आत काळ्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या. डॉ. श्रीपादची पोरगी हे करते आहे! मला झोप लागली नाही त्या दिवशी. बापानं याच्यापुढे काय करायचं असतं, सांग.

मी शिबिर लावलं. फुकट. मिल बंद पडून चार वर्षं झालीत, माणसं ओट्यांवर बसून बिडी ओढतात, तंबाखू मळतात. आज ना उद्या त्यांचे दात जाणारच होते. मी म्हटलं, आतून कीड आहे, वर दिसत नाही, काढून टाक, नंतर पैसे मोजून काढशील. त्यांनी हात जोडले. एकानंही 'का' म्हणून विचारलं नाही. तूच पहिली.

आणि खरं सांगू का, त्या लोकांच्या तोंडात दाढ राहिली काय, न राहिली काय. चावायला आहे काय?

हे वाचून तू चिडशील. चीड. पण थीसिस पुरा कर. बरण्या नागपूरला पोचल्यात, दाढा कामाच्या आहेत, त्या कुठून आल्या हे शाईला कळत नाही.

बाबा


जुनी इंदूर,
३ डिसेंबर १९९५

अनू,

तुझा फोन आला तेव्हा मी खोटं बोललो असं तू आईला सांगितलंस. तू विचारलंस, शिबिरातले दगडूकाका कसे आहेत. मी म्हटलं, बरा झाला, गावी गेला. बाहेर पेशंट बसले होते, मला फोन लवकर ठेवायचा होता.

दिवाळीत तू परदेशीपुऱ्यात त्याच्या घरी गेलीस तेव्हा तो भेटला नव्हता, त्याची बायको मंजुळा भेटली. 'आमच्या ह्यांची दुखत होती खालची, काढली वरची,' असं ती तुला म्हणाली. बायका काहीही म्हणतात. खालचीही मी काढली होती. तोंड उघडंच होतं, वरचीही काढली.

तर तुझा दगडूकाका परवा दवाखान्यात आला. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मी त्याला बसायला सांगितलं नाही, तो बसलाही नाही.

'साहेब, पाणी प्यालो की नाकातनं निघतंय.'

'भरेल. वेळ लागतो.'

'सप्टेंबरपासनं भरतंय, साहेब. पाण्याचं चालेल, मी मान वाकडी करून पितो. पण फुंक टिकत नाही ना.'

आणि त्यानं ते कापड सोडलं. ट्रम्पेट. मिलमध्ये कापडाच्या साच्यावर असताना हौसेनं वाजवायचा, मिल गेल्यावर लग्नाच्या बँडमध्ये लागला. बाप म्हणे महूला फौजेच्या बँडात होता, त्यानंच शिकवलं. भर दवाखान्यात त्यानं ते तोंडाला लावलं. मी नको म्हणेपर्यंत फुंकलंसुद्धा. गाल फुगले, पण आवाज फुटला नाही. वारा सगळा नाकातून, शेंबडासकट, बाहेर. बाकावरचे पेशंट हसले. मलाही हसू आलं. ते दिसलंच तसं.

त्यानं नाक पुसलं, ट्रम्पेट पुसलं. आधी ट्रम्पेट.

'तुळशीचं लग्न झालं, साहेब. सीझन लागला. बँडचा उस्ताद म्हणतो, दगडू भिया, आठ दिवस थांबतो, मग दुसरा बघतो.'

मी त्याला समजावलं. वरच्या दाढेच्या मुळांवर गालाच्या हाडातली पोकळी असते, ती नाकात उघडते. कुणाचं मधलं हाड जाड, कुणाचं कागदासारखं, कुणाची मुळं सरळ त्या पोकळीत शिरलेली. जशी नळ्यांची ठेवण वेगळी तशी हाडाची. तुझी ठेवण अशी आहे, त्याला मी काय करणार? दोष माझ्या हाताचा नाही, तुझ्या हाडाचा आहे.

तो ऐकत उभा होता. मग म्हणाला, 'पण काढायच्या आधी बघता येतं का, साहेब, कुणाचं कसं आहे ते?'

'येतं. एक्स-रे फोटो काढून.'

'माझा काढला नव्हता.'

मी त्याला बाहेर घालवलं. भोकाचं तुला मंजुळानं सांगितलं होतं, आणि त्याच फोनवर तू म्हणाली होतीस की बरे नसतील तर त्यांना नागपूरला पाठवा, इथले सर्जन टाके घालून भोक बंद करतील, मी सगळं बघते. मी ते त्याला सांगितलं नाही. का सांगू? माझ्या हातचं बिघडलेलं काम माझ्याच मुलीच्या कॉलेजात दुरुस्त व्हायला पाठवू? उद्या सगळ्या इंदूरला कळेल.

तू थीसिसबद्दल काही बोलत नाहीस. किती दाढा झाल्या? चौथी नळी किती जणांत निघाली? तेवढं तरी कळव.

बाबा


जुनी इंदूर,
२१ जानेवारी १९९६

अनुश्री,

मला फसवलं गेलं आहे आणि तेही माझ्याच घरात.

तुझी आई, लग्न झाल्यापासून जी सराफ्यापर्यंतसुद्धा कुणाला सोबत घेतल्याशिवाय गेली नाही, ती एकटी टेम्पोत बसून परदेशीपुऱ्यात गेली. मंजुळाच्या घरी बसली, चहा प्याली आणि तुझा निरोप सांगून आली. हे मला दौलतरावांकडून कळलं. सगळ्या मोहल्ल्यानं बघितलं की डॉक्टरीणबाई आली होती. मी विचारलं तेव्हा पोळ्या लाटत म्हणाली, 'हो, गेले होते.'

दगडू नागपूरला पोचला, तू त्याला सर्जनकडे नेलंस, गालाची कातडी ओढून भोक शिवलं, वॉर्डात त्याच्या उशाशी बसलीस, हेही कळलं. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तुझी परीक्षा होती.

आता मी काय केलं ते ऐक. मी लपवत नाही, तुम्ही दोघी लपवता.

एक. तुझ्या गाइडना पत्र लिहिलं. लिहिलं की या मुलीनं थीसिससाठी निरोगी दाढा मागवल्या, तिच्या शब्दाखातर गरिबांच्या तोंडातून त्या काढल्या गेल्या, तेव्हा असला अभ्यास आपल्या नावाखाली चालू द्यायचा का, याचा विचार करावा. तुझं जूनचं वाक्य जसंच्या तसं उतरवून दिलं. मी एक शब्द पदरचा घातला नाही.

दोन. फी मी पाठवणार नाही. नागपूरचा खर्च जानेवारीपासून बंद.

तीन. दौलतराव बँडवाल्याशी बोलले. त्यांच्या वॉर्डातली सगळी लग्नं त्या बँडला मिळतात, त्यामुळे फार बोलावं लागलं नाही. जो माणूस डॉक्टरची बदनामी करत फिरतो त्याला ट्रम्पेटला ठेवू नये, एवढंच. तसाही तो टाक्यांमुळे वाजवू शकत नव्हता. नवा मुलगा लागलाय, फिल्मी चाली बऱ्या वाजवतो म्हणतात.

तुला हे दुष्टपणाचं वाटेल. मला विचारशील तर मी तुझा परतीचा रस्ता मोकळा केलाय. तिथे तुला काही राहिलं नाही म्हणजे तू इथे येशील. सगळं जग बदलतंय अनू, जुन्या मिलच्या नावानं रडत बसायचे दिवस गेले. सांवेर रोडला रोज नवी फॅक्टरी उघडते आहे, त्यांचे मॅनेजर, त्यांच्या बायका, पैसा असलेले लोक आहेत. दात काढायचा नाही, वाचवायचा, हे त्यांना कळतं आणि परवडतं. तुझी विद्या या लोकांसाठी आहे. मी मागची भिंत पाडून नवीन चेंबर करतोय. एसी, बाहेरून आलेली खुर्ची, बटणावर खाली-वर होणारी. अख्ख्या जुन्या इंदुरात तशी नाही.

रंगारी बोर्ड रंगवतोय. माझ्या नावाखाली तुझं.

बाबा


जुनी इंदूर,
२२ एप्रिल १९९६

अनुश्री,

अक्षय्य तृतीयेला चेंबरचं उद्घाटन झालं. तू आली नाहीस. आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं की परीक्षा आहे.

परीक्षा नाही हे मला माहीत आहे. तुझ्या गाइडचं उत्तर फेब्रुवारीतच आलं होतं. चार ओळी. 'आपण कळवलेली हकिकत अनुश्रीनं मला नोव्हेंबरातच सांगितली होती. त्या दाढांपैकी एकीलाही तिनं हात लावलेला नाही. नवीन दाढा जमवून ती पुन्हा सुरुवात करणार होती, परंतु फी न आल्यामुळे तिनं नाव काढून घेतलं. मला वाईट वाटतं.' माणसानं एवढं थोडक्यात लिहू नये. मी ते पत्र फाडलं. म्हणजे माझ्या पत्रानं तुझं काही बिघडलं नाही, फीनं बिघडलं. ठीक आहे. काहीतरी लागू पडलं.

आणि आता तू कुठल्याशा धर्मादाय दवाखान्यात बसतेस. घरचं एसी चेंबर सोडून.

उद्घाटनाचं सांगतो. संध्याकाळी दौलतरावांनी आपल्याकडून भेट म्हणून बँड आणला. गल्लीच्या तोंडापासून वाजत आले. गणवेशाचे लाल कोट, पुढे तो नवा पोरगा ट्रम्पेटवर, आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर ट्यूबलाइटच्या बत्त्या घेतलेली माणसं, मागच्या जनरेटरच्या वायरीला बांधल्यासारखी. बत्तीवाले बहुतेक बायका-पोरं असतात. त्यांत एक उंच, म्हातारा. दगडू.

त्यानं मला बघितलं. मान हलवता येत नव्हती, डोक्यावर ओझं होतं. तसाच म्हणाला, 'बधाई, डॉक्टरसाहेब.'

'टाके भरले का?'

'भरले. अनुताईंनी बरं करून दिलं. पाणी आता बराबर जातं.'

'मग वाजवत का नाहीस?'

नवा पोरगा जोरात वाजवत होता, मला वाटलं दगडूला ऐकू गेलं नाही. मग म्हणाला, 'जागा भरली, साहेब. उस्तादनी म्हटलं, बत्ती उचलायची तर उचल. घरात बसून काय करू?'

मी त्याला गर्दीतून पुढे घेतला. फोटोवाला कुरकुरत होता की बोर्डवर अंधार पडलाय, अक्षरं येणार नाहीत. मी दगडूला बोर्डाच्या बरोबर खाली उभा केला. 'जरा वर धर. अजून. हात थरथरू देऊ नको.' त्यानं दोन्ही हातांनी बत्ती डोक्यावरून उचलून वर धरली. फोटो चांगला आला आहे. सोबत पाठवतो. तुझं नाव स्वच्छ वाचता येतं, त्याचं तोंडही स्वच्छ दिसतं. तू नीट बघ. ज्याच्यासाठी तू बापाला सोडलंस तो त्याच बापाच्या दारात उजेड धरून उभा आहे, आणि धरायला नाही म्हणाला नाही. तुझ्या ऑपरेशननं त्याला एवढंच मिळालं.

फोटो निघाल्यावर मी त्याला पेढा दिला. हात अडकलेले होते म्हणून तोंडात घालावा लागला. त्यानं तोंड उघडलं. सवयीनं मी आत बघितलं. शिवण चांगली घातली आहे तुझ्या सर्जननं.

हे सगळं तुझी आई ओसरीवरून बघत होती. पाहुण्यांना पन्हं द्यायचं सोडून ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी भरलेली होती.

मी म्हटलं, 'कुठे?'

'नागपूरला.'

'किती दिवस?'

तिनं चपला घातल्या.

मी म्हटलं, 'आणि इथे पोळ्या कोण करणार?'

'बाई मिळेल,' म्हणाली. 'बऱ्याच जणींचे नवरे घरी बसलेत. कामाला येतील.'

आता ती तुझ्याकडे पोचली असेल. तिला रात्री गुडघ्याला तेल लागतं. तुला ठाऊक नसेल म्हणून लिहिलं.

श्रीपाद


जुनी इंदूर,
१९ ऑगस्ट १९९६

अनुश्री,

तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस, फोन आला की ठेवतेस. म्हणून मी नागपूरला आलो, आणि दवाखान्यात आलो, कारण पेशंटला तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक होतं. दुखण्याचं सोंग नव्हतं. डावीकडची वरची दाढ पंधरा दिवस ठणकत होती. गरम लागलं की कानापर्यंत कळ.

बाहेर बाकांवर सगळी ती तसलीच माणसं. आणि दाराशी खुर्ची टाकून तुझी आई बसलेली, पुठ्ठ्याचे नंबर वाटत. मी समोर उभा राहिलो. तिनं वर बघितलं. मला वाटलं, उठेल. तिनं नंबर दिला आणि म्हणाली, 'त्या कोपऱ्यात जागा आहे, तिथे बसा. वेळ लागेल.' तिच्या अंगावर नवीन लुगडं होतं आणि चेहरा भरला होता. माझ्याकडे असताना तिचा चेहरा असा कधी भरला नाही.

मी सकाळपासून बसलो. डॉक्टर श्रीपाद, इंदूरचा, एका हमालाच्या आणि एका खोकणाऱ्या बाईच्या मध्ये. माझा नंबर आला. तू मास्क लावला होतास, हातात आरसा होता. मला बघून तुझा हात थांबला नाही.

'बसा, काका,' म्हणालीस. 'काय होतंय?'

काका.

मी म्हटलं, 'अनू.'

'कुठल्या बाजूला दुखतंय, काका?'

तुझी ती मदतनीस मुलगी जवळच उभी होती. मी तिच्यासमोर तमाशा केला नाही. तोंड उघडलं. तू आरसा घातलास, थंड कापूस लावून बघितलास, हलकेच टकटक केलीस. मी ओरडलो नाही. फोटो काढलास. ओला फोटो उजेडाकडे धरून तू मला समजावलंस, जसं कुठल्याही अडाण्याला समजावतात, एकेक शब्द सावकाश. 'नस मेली आहे, काका. पण मुळं मजबूत आहेत, हाड चांगलं आहे. दाढ वाचेल. काढायची नाही.'

'मी डॉक्टर आहे,' मी म्हटलं.

'हो का? मग तुम्हाला कळेलच. या मुळाची सावली दुहेरी दिसते आहे. चौथी नळी असणार. शोधायला वेळ लागेल, दोन-तीनदा यावं लागेल. जी सापडत नाही तीच पुढे त्रास देते.' मग सुई दिलीस, वरून उघडून आत औषध ठेवलंस. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. माझ्या सुईला मोठी माणसं पाय झाडतात. तुझी मला कळलीसुद्धा नाही.

मी विचारलं, 'पैसे?'

'ज्यांना जमतं ते बाहेर पेटीत टाकतात. गुरुवारी या, काका. नक्की या, अर्धवट सोडू नका.' आणि मदतनिसाला म्हणालीस, 'पुढचे.'

एवढंच. तू शिव्या दिल्या असत्यास, बरणी डोक्यात घातली असतीस, तर मी तुला दोन लावून, ओढून घरी आणलं असतं. तू माझ्याशी चांगली वागलीस. त्या हमालाशी वागलीस तितकीच चांगली. एक दाणा जास्त नाही.

बाहेर तुझ्या आईनं नंबराचा पुठ्ठा परत मागून घेतला आणि वहीत माझा गुरुवारचा नंबर लिहून ठेवला.

गुरुवारपर्यंत मी नागपूरला राहिलो. स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये. हे तुला माहीत नाही. गुरुवारी दाढी केली, कपडे घातले, रिक्षात बसलो. दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत आलो. दारात बाकांवर माणसं होती. मग मी रिक्षावाल्याला म्हटलं, स्टेशन.

इंदूरला आल्यावर चारच दिवसांत गाल सुजला. दौलतरावांच्या ओळखीनं मी एक मुलगा ठेवलाय चेंबरमध्ये, जयेश नावाचा, नुकताच पास झालेला. तुझ्या खुर्चीवर तोच काम करतो. मी त्याला म्हटलं, काढ.

त्यानं आत बघितलं. 'सर, कुणीतरी सुरुवात फार छान केलीय. फक्त पुरं करायचंय. मला चौथी सापडणार नाही कदाचित, पण सर, जिथे सुरू केलंय तिथेच जाऊन या ना. का काढताय?'

'तू काढ.'

'सर, दाढ वाचेल.'

'मला माहीत आहे.'

त्याला ताकद लावावी लागली, दाढ सुटत नव्हती. हाडात घट्ट बसलेली. दोनदा त्याचा चिमटा घसरला, ओठ फाटला. तिसऱ्यांदा तो घाबरून थांबला, 'सर, बस करू का?' म्हणाला. मी हातानं खूण केली, चालू दे. भूल पुरती चढली नव्हती, सुजलेल्या जागी चढत नाही, हे मला आधीच ठाऊक होतं. मी त्याला दुसरी सुई देऊ दिली नाही. शेवटी मुळासकट आली. तिन्ही मुळं अखंड. तू म्हणालीस तशीच मजबूत.

आता त्या बाजूनं चावता येत नाही. पोळ्या करायला जी बाई येते तिचा नवराही मिलमध्येच होता; ती माझ्यासाठी भात मऊ शिजवते आणि माझ्याशी बोलत नाही.

बोर्डवरचं तुझं नाव जयेशला खटकतं, पेशंट विचारतात म्हणतो. मी अजून काढलेलं नाही. काढीन.

तुला एकच विचारायचं होतं, म्हणून एवढं लिहिलं. त्या गुरुवारी मी आलो नाही, तेव्हा तू माझा नंबर पुकारून थोडी थांबलीस, की लगेच 'पुढचे' म्हणालीस? आईला विचारून एका ओळीत कळव. नाही कळवलंस तर मी समजेन, लगेच म्हणालीस.

श्रीपाद